खिशातले हात : ऑक्युपेशनल थेरपी शिकताना माझ्यात काय बदललं

सुईदोरा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. माझं ऑक्युपेशनल थेरपीचं शेवटचं वर्ष संपत आलंय. काय शिकले ते मार्कशीटवर येईलच. पण या वर्षांत माझा स्वभाव एका जागी मुळापासून हलला, आणि त्याबद्दल ना परीक्षेत कोणी विचारत, ना व्हायवात. म्हणून हा धागा.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. त्यातल्या 'व्यवसाय' शब्दामुळे अनेकांना वाटतं की आम्ही नोकरीधंद्याला लावतो. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं : दात घासणं, शर्ट घालणं, सही करणं, मुलाला उचलून घेणं, खेळणं, कामावर जाणं. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे यातलं जे जमत नाही ते जमवायचं, आणि जुन्या पद्धतीने जमणार नसेल तर नवी पद्धत शोधायची, हे आमचं काम.

मी हे निवडलं ते 'मला लोकांना मदत करायला आवडते' म्हणून. ते खरंही होतं. घरात कोणाची वस्तू हरवली की शोधून देणारी मी, धाकट्या भावाचं प्रोजेक्ट रात्री बसून पुरं करणारी मी, कोणी बोलताना शब्दासाठी अडखळलं तर तो पुरवणारीही मीच. सगळे कौतुक करायचे. यात माझी स्वतःची काही गरज भागत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी न्यूरोच्या पोस्टिंगला एक काका होते. पक्षाघातानंतर उजवी बाजू कमजोर झालेली, हातात हळूहळू हालचाल परत येत होती. त्या दिवशी शर्ट घालायचा सराव होता. नियम मला पाठ होता : घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. तो भाग छान झाला. मग बटणं. पहिल्याच बटणाशी काका चार मिनिटं झगडत होते. बटण काजात अर्धं शिरायचं आणि निसटायचं. त्यांच्या कपाळावर घाम, माझ्या पोटात कालवाकालव. पाचव्या मिनिटाला मी पुढे झाले आणि सगळी बटणं पटापट लावून टाकली. 'झालं काका!' म्हटलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खिडकीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी शर्ट अंगात चढल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, छाती जराशी पुढे केली आणि माझी वाट बघत बसून राहिले.

आमच्या सुपरवायझर मॅडमनी हे लांबून पाहिलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून एप्रनच्या खिशात हात घालून उभी राहा. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत." शिवाय घरचा अभ्यास दिला : आठवडाभर उजवा हात न वापरता कपडे घालायचे.

तो आठवडा मी विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने बुटाची लेस बांधत होते. युक्ती जवळजवळ सापडली होती. तेवढ्यात भाऊ आला, गुडघ्यावर बसला आणि दोन सेकंदांत लेस बांधून मोकळा झाला. मला इतका राग आला की मी ती ओढून सोडली. तो गोंधळून म्हणाला, "मदतच करत होतो ना!" हे वाक्य मी आजवर ज्या सुरात बोलत आले, अगदी त्याच सुरात.

इकडे पोस्टिंगला खिशात हात घालून उभं राहायचं. पहिले दोन दिवस मी नुसती घुसमटत होते. तिसऱ्या दिवशी करायला दुसरं काहीच नसल्यामुळे मी बघायला लागले. काका सगळ्यात वरच्या, गळ्याजवळच्या बटणापासून सुरुवात करत होते. आयुष्यभराची सवय. पण ते बटण माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि त्यांच्या बोटांच्या टोकांना स्पर्श नीट कळत नव्हता. म्हणजे दिसतही नाही आणि जाणवतही नाही, अशा जागी ते रोज पहिली लढाई लढत होते. मी मॅडमना सांगितलं. "मग?" एवढंच त्यांनी विचारलं. मग आम्ही सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात केली. ते डोळ्यांसमोर असतं आणि शर्टाच्या दोन्ही कडाही तिथे सरळ जुळतात. त्या दिवशी काकांनी दोन बटणं लावली. अकरा मिनिटं लागली. मी खिशातल्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नंतर तळव्यावर नखांचे वण दिसत होते.

दुसऱ्या वर्षी बटण लावण्याच्या क्रियेवर मी चार पानी ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस लिहिलं होतं. चिमटीची पकड, दोन्ही हातांचा मेळ, बसण्यातला तोल, नजर, स्पर्श, लक्ष, क्रम, सगळं त्यात होतं. मार्कही चांगले पडले होते. पण गळ्याजवळचं बटण दिसत नाही, ही गोष्ट त्या चार पानांत नव्हती.

रुग्ण रोजची कामं किती स्वतः करतो ते मोजायला एफआयएम नावाची एक मोजपट्टी आम्ही वापरतो. त्यात १८ बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. ४ म्हणजे रुग्ण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त काम स्वतः करतो, पण कोणाचा तरी हात लागतो. ५ म्हणजे सामान मांडून द्यावं लागतं किंवा कोणीतरी शेजारी लागतं, पण हात लावावा लागत नाही. फॉर्मवर एका गुणाचा फरक. तो ओलांडायला काकांना तीन आठवडे लागले आणि मला अख्खं वर्ष.

घरीही फरक पडला. भाऊ बोलताना अडखळला की मी आता गप्प बसते. आणि तो जे वाक्य पुरं करतो ते दरवेळी मी पुरवलं असतं त्याहून वेगळं निघतं. इतकी वर्षं मी त्याच्याशी नव्हे, माझ्याशीच बोलत होते की काय, असं वाटून एकदा रडूही आलं.

आता माझा प्रश्न. मागच्या महिन्यात पार्किन्सन्स असलेल्या एक आजी आल्या. स्वेटर घालताना एक हात बाहीत आणि दुसरा पाठीमागे, अशा त्या अडकल्या. मी खिशात हात घालून थांबले. थांबतच राहिले. आजी रडायला लागल्या. मी हात काढले, स्वेटर घालून दिला, माफी मागितली. पण तेव्हापासून मला कळेनासं झालंय. हात खिशात घालायला शिकले, पण ते बाहेर कधी काढायचे हे कुठे शिकायचं? जे या क्षेत्रात आहेत, जे कधी रुग्ण म्हणून आमच्यासमोर बसले आहेत, त्यांनी कृपया लिहा.

---

अर्धविराम

ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. वाचताना दोनदा थांबले. मला अजून पेशंटजवळ जायचीच भीती वाटते. ॲनाटॉमीत हाताचे स्नायू, त्यांच्या नसा, सगळं पाठ आहे, पण समोर माणूस बसला की आवाज फुटत नाही. मानसोपचाराच्या वॉर्डमध्ये निरीक्षणाला गेलो होतो तेव्हा बाहेर येऊन रडले. वर नातेवाईक भेटले की 'म्हणजे फिजिओच ना?' आहेच. कधी कधी वाटतं, मी चुकीच्या जागी आले.

आम्हाला रिफ्लेक्टिव्ह डायरी, म्हणजे आपल्या अनुभवाकडे मागे वळून बघणारी डायरी, लिहायला सांगतात. मी लिहिते, पण ती केसपेपरसारखी होते. तुम्ही तुमचं हे सगळं डायरीत लिहिलं होतं का?

---

सुईदोरा

@अर्धविराम, लिहिलं होतं, पण बटणं लावून दिल्याची नोंद मी पहिल्यांदा 'रुग्णाला आवश्यक ते साहाय्य केले' अशी केली होती! खरं काय झालं ते लिहायला दोन महिने गेले. आणि रडणं म्हणजे चुकीच्या जागी येणं नव्हे गं. मीही त्याच वॉर्डबाहेरच्या जिन्यावर बसून रडले आहे.

---

कवडसा

मी थेरपिस्ट नाही. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला. डावी बाजू तर कमजोर झालीच, पण तिचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटातलं उजव्या अर्ध्यातलं खाते आणि डावीकडचं तसंच राहतं. केस विंचरते तेही उजवीकडचेच. तिला दिसतं, पण तिच्यासाठी ती बाजू जणू नाहीच.

तुमचं लिखाण आवडलं, पण एक बोलते, राग मानू नका. थेरपिस्ट आम्हाला सांगतात, 'त्यांना स्वतः करू द्या.' तुमच्याकडे तासाभराचं सेशन असतं. माझ्याकडे सकाळी पंचेचाळीस मिनिटांत आईचं आवरणं, मुलाची शाळा आणि माझं ऑफिस असतं. मी आईला कपडे घालून देते तेव्हा प्रत्येक वेळी वाटतं, मी तिचं नुकसान करतेय. मदत करूनही अपराधी, नाही केली तरी अपराधी. खिशात हात घालून उभं राहायलाही वेळ लागतो, आणि तो माझ्याकडे नाही.

---

माळरान

@कवडसा, राग कसला? हे तुम्ही बोललात ते बरं झालं. मी चौदा वर्षं हे काम करतोय आणि पहिली पाचेक वर्षं मीही घरच्यांना सरसकट 'करू द्या' असं सांगत होतो. चूक होती ती माझी. सगळं करू द्यायचं नसतं. दिवसातलं एकच काम निवडा, जे आईला मनापासून स्वतः करावंसं वाटतं आणि ज्यासाठी घाई नसलेली वेळ सापडते. समजा संध्याकाळी केस विंचरणं. तेव्हा तुम्ही तिच्या डावीकडे बसा, कंगवाही डावीकडे ठेवा, 'आई, डावीकडे बघ' असं सांगून नजर तिकडे वळवायला लावा, आणि मग थांबा. सकाळचे कपडे खुशाल तुम्ही घाला. त्यात नुकसान नाही. फक्त बाही चढवायच्या आधी तो डावा हात तिला दाखवा, तिच्या उजव्या हाताने धरायला लावा. एवढ्याने वेळ जात नाही, आणि ती बाजू तिच्या दिवसात राहते.

@सुईदोरा, तुमच्या काकांची गोष्ट सुरेख आहे. पण मला भीती वाटते की तुम्ही एका गोष्टीचा नियम केलात. माझ्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एक बाई यायच्या. कपडे स्वतः घालायच्या, त्याला पन्नास मिनिटं लागायची. मला त्याचा फार अभिमान. मग एकदा त्यांच्याबरोबर सीओपीएम भरायला बसलो. म्हणजे रुग्णाने स्वतः सांगायचं, मला रोजच्या जगण्यात काय करायचंय, ते माझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे, आज किती जमतंय आणि त्यात मी किती समाधानी आहे, प्रत्येकाला १ ते १० गुण. बाईंनी कपडे घालण्याच्या महत्त्वाला २ दिले आणि मुलांना गणित शिकवण्याला १०. म्हणाल्या, "कपडे घालून होईपर्यंत माझा दिवस संपतो." त्या आजारात थकवा हा आळस नसतो, ते आजाराचंच लक्षण असतं, आणि मी त्यांची सगळी ताकद शर्टावर खर्च करवत होतो. त्यानंतर कपडे त्यांचे पती घालून देऊ लागले आणि दुपारी चार मुलं गणिताला यायला लागली. काही आठवड्यांनी पुन्हा गुण घेतले तेव्हा शिकवण्याचं समाधान ३ वरून ७ वर गेलं होतं. त्या मोजपट्टीत २ गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा मानतात.

हात कधी काढायचे, असं तुम्ही विचारलंत. मी आधी हे विचारीन की तो स्वेटर कोणाला घालायचा होता.

आणि आणखी एक. आजींचं सेशन किती वाजता होतं? औषध घेऊन किती वेळ झाला होता?

---

सुईदोरा

@माळरान सर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी केसशीट काढून बघितली. सेशन साडेअकराचं. गोळी सकाळी सातला, पुढची बाराला. म्हणजे मी आजींना औषधाचा असर अगदी ओसरलेला असताना स्वेटर घालायला लावत होते. 'वेअरिंग ऑफ'वर, म्हणजे असा असर ओसरण्यावर, मी परीक्षेत टीप लिहिली आहे. शरीर साथच देत नसताना मी शेजारी उभी राहून थांबत होते. फार वाईट वाटतंय.

आणि स्वेटर कोणाला घालायचा होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी विचारलंच नव्हतं.

---

पाऊलवाट

मी रुग्ण म्हणून लिहितो. माझं घड्याळ दुरुस्तीचं काम. तीन वर्षांपूर्वी काचेने उजव्या हाताची दोन बोटं वाकवणाऱ्या शिरा तुटल्या. डॉक्टर त्यांना टेंडन म्हणत. ऑपरेशन झालं, मग जवळजवळ सहा आठवडे स्प्लिंट. तो स्प्लिंट माझ्या थेरपिस्टने माझ्यासमोर बनवला होता. प्लॅस्टिकचा कडक पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकला की कापडासारखा मऊ पडतो, मग हातावर बसवून तो गार होईपर्यंत धरून ठेवायचा. ती अगदी निगुतीने करायची, प्रत्येक कडा अंगठ्याने चाचपून.

पण नंतरचं सांगतो. समोर नऊ भोकांची पाटी, नऊ खुंट्या. एकेक उचलून भोकात घालायची, मग काढायची. ती स्टॉपवॉच लावून बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. ज्या बोटांनी मी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत आलो, त्यांच्यातून खुंटी गळून पडायची आणि ती नुसती बघायची. मला वाटायचं, माझं अपयश मोजतेय. घरी जाऊन मी बायकोवर चिडायचो. दोनदा सेशन बुडवलं.

पुढे कधीतरी सहज बोलता बोलता ती म्हणाली की ती वेळेपेक्षा माझी अनामिका बघत होती, ती कुठल्या क्षणी दगा देते ते. आणि त्यावरूनच तिने माझे व्यायाम बदलले होते. मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? ती थांबली याबद्दल माझी तक्रार नाही. ती कशासाठी थांबलीय हे मला माहीत नव्हतं, ही तक्रार आहे.

तेव्हा ताई, माझं एवढंच सांगणं. थांबणार असाल तर तसं सांगून थांबा. आणि कितपत थांबायचं ते आम्हाला विचारा. आम्ही समोरच तर बसलेले असतो.

---

अर्धविराम

@पाऊलवाट काका, हे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. आता बोटं कशी आहेत?

---

पाऊलवाट

@अर्धविराम, अनामिका शेवटच्या पेरात पूर्ण वाकत नाही. पण दुकान सुरू आहे. चिमटा मधल्या बोटावर पेलायला शिकलो, तोही तिनेच शिकवला.

---

खडूफळा

बरेच दिवसांनी प्रतिसाद लिहितेय. मी ऑक्युपेशनल थेरपी शिकवते.

पाऊलवाट यांनी जे सांगितलं ते आमच्या क्षेत्राच्या मुळाशीच आहे. १९१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे मोजकी माणसं जमली आणि या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्यात मानसोपचारतज्ज्ञ विल्यम रश डंटन होते, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. आणि ज्याच्या घरी ती बैठक झाली, जो पहिला अध्यक्ष झाला, तो जॉर्ज बार्टन वास्तुरचनाकार होता. क्षयाने खंगलेला, पायाची बोटं कापावी लागलेली, डावी बाजू लुळी पडलेली. बागकामाने आणि सुतारकामाने त्याने स्वतःला उभं केलं होतं. म्हणजे ज्या टेबलाभोवती हा व्यवसाय जन्मला तिथे एक रुग्ण यजमान म्हणून बसला होता. दर वर्षी पहिल्या तासाला मी हे सांगते, आणि दर वर्षी मुलं ते फक्त सनावळी म्हणून उतरवून घेतात.

@सुईदोरा, तुमच्या मॅडमनी हात खिशात घालायला का लावलं असेल, याचं एक शास्त्रीय कारणही आहे. एडवर्ड टॉब यांनी माकडांवर काम केलं होतं. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकडं तो हात वापरणं सोडून देत. हलवण्याची क्षमता शिल्लक असायची, तरीही. सुरुवातीला प्रयत्न फसतो, दुसऱ्या हाताने भागतं, आणि न वापरणं अंगवळणी पडतं. याला 'लर्न्ड नॉन-यूज' म्हणतात. यातूनच पुढे पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ती पद्धत आली, ज्यात दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर जाड मोजा चढवून ठेवतात आणि कमजोर हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतात. २००६ मध्ये तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि फायदा दिसला, पण तो ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक होती अशा रुग्णांमध्ये. हा 'पण' महत्त्वाचा आहे. तुमच्या काकांना थांबणं लागू पडलं कारण त्यांचा हात परत येत होता. माळरान यांच्या बाईंचं तसं नव्हतं. आजींचा हात तर दिवसातून कित्येकदा येतो आणि जातो.

@अर्धविराम, डायरीबद्दल. गिब्ज यांचं १९८८ चं चक्र तुम्हाला शिकवलं असेल : काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट होतं, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय. मुलं पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात. 'काय वाटलं' या रकान्यात एक ओळ, तीही 'मला वाईट वाटले.' तिथे थांबून लिहा. किळस वाटली तर किळस लिहा. राग आला तर कोणाचा आला ते लिहा. मी ती पानं तपासताना त्याला गुण देत नाही, पण वाचते.

आता माझं थोडं. विद्यार्थ्याला पेशंटपुढे उभं केलं की तो अडखळतो, चुकीच्या बाजूने ट्रान्सफर करायला, म्हणजे पेशंटला पलंगावरून खुर्चीत हलवायला, जातो, चुकीचा प्रश्न विचारतो. पेशंटला धोका असेल तर मी एका क्षणात मध्ये पडते, तिथे तडजोड नाही. पण धोका नसतो तेव्हा, तो नुसता चाचपडत असतो तेव्हा, माझी जीभ इतकी शिवशिवते! उत्तर मला माहीत असतं, पेशंटलाही कळत असतं की मला माहीत आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेच्या निकषांप्रमाणे विद्यार्थ्याने पदवीपर्यंत किमान १००० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकायचं असतं. त्यातले कितीतरी तास मी बोलून खाऊन टाकले असतील. सुईदोरा, तुमच्या मॅडम 'मग?' एवढंच म्हणून गप्प बसल्या ना, ते मला अजून दर वेळी जमत नाही.

---

सुईदोरा

@खडूफळा मॅडम, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, आमच्या मॅडमना खालच्या बटणाचं उत्तर त्या क्षणी सुचलं नसेल. आता कळतंय की त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन दिवस त्यांचेही हात खिशात होते.

@कवडसा ताई, तुमच्या प्रतिसादाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. पोस्टिंगमध्ये मी तीन मुलींना त्यांच्या आईबद्दल 'त्यांना करू द्या' असं सांगितलं आहे. एकीलाही विचारलं नाही की सकाळी तुमच्या हातात किती वेळ असतो.

---

कवडसा

@माळरान दादा, चार दिवस संध्याकाळी केसांचं करून बघितलं. पहिले दोन दिवस काही नाही. काल 'डावीकडे' म्हटल्यावर तिने मान वळवली, कंगवा सापडला, आणि कानामागचे थोडे केस विंचरले. मग मला म्हणाली, "तू कधीपासून इथे बसलीस?"

सकाळचे कपडे मी घालते. आता घालताना आम्ही बोलतो. आधी मी फक्त घाई करायचे.

---

सुईदोरा

नऊ दिवसांनी लिहितेय. आजी परवा आल्या होत्या. सेशनची वेळ बदलून घेतली, गोळीनंतर तासाभराने. आधी स्वेटर बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी, मागच्या वेळी मी नुसती बघत राहिले. तुम्हाला काय वाटलं?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मी वाट बघितली, या वेळी खुर्चीवर बसून, त्यांच्या समोर. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तू मला धडा शिकवतेयस."

मी सांगितलं की तसं नव्हतं. मी का थांबले होते ते समजावून सांगितलं, आणि वेळ चुकीची निवडली हेही सांगितलं. मग विचारलं, स्वेटर स्वतः घालायचा आहे का? म्हणाल्या, स्वेटर सून घालते, तिचं काही वाटत नाही. चष्मा मात्र स्वतःचा स्वतः घालायचा आहे. घरातलं कोणी समोरून येऊन चष्मा डोळ्यांवर चढवतं तेव्हा त्यांना फार लहान झाल्यासारखं वाटतं.

तर आम्ही चष्मा घेतला. कोपरं टेबलावर टेकवली की हात कमी थरथरतो, हे दोघींनी मिळून शोधलं. कितपत थांबायचं तेही ठरवलं. अडल्या तर त्या 'हं' म्हणतील, तोवर मी हात लावायचा नाही. आणि 'हं' म्हटल्यावर एकदाही 'अजून एकदा बघा ना' म्हणायचं नाही, ही अट त्यांची.

पहिल्या दोन वेळा 'हं' आलं. तिसऱ्या वेळी एक काडी कानावर बसली, दुसरी केसांत अडकली. माझे हात मांडीवर होते. आजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा कोपरं टेकवली.